मुकी थाळी

"मॅडम ने रिझल्ट खुद बना लिए थे। पकडी गईं, तब पेपर वापस लिया।" वासंती मेश्राम यांच्या शोकसभेनंतर, बूढापाऱ्यातल्या सभागृहाच्या पायऱ्यांवर चहा पिताना, त्यांच्याच एका माजी विद्यार्थ्याने हे विधान केले आणि चार विद्वानांनी माना डोलावल्या. बाईंच्या प्रयोगशाळेतली यंत्रे अकरा वर्षे मी सांभाळली. हे विधान असत्य आहे, आणि तसे म्हणण्याचा अधिकार माझ्याइतका कोणाला नाही.

बाई बीरगावच्या. समता कॉलोनीतल्या प्रसूतिगृहातून त्या स्वतः नाळ आणीत. बाळंतिणीला विचारल्याखेरीज नाळेच्या डब्याला हात लावीत नसत. नाळेतल्या रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी थाळीत वाढवायच्या, कोमट पाण्याच्या टाकीत ठेवून त्यांवर कानाला न ऐकू येणारा ध्वनी सोडायचा आणि कोणती जनुके कामाला लागतात ते पाहायचे, हे त्यांचे काम. नव्या रक्तवाहिन्या फुटवणारी जनुके ध्वनीने जागी झाली, तर मधुमेहाने सडणारे पाय वाचतील, ही आशा. त्यांच्या वडिलांचा पाय असाच कापला गेला होता.

प्रत्येक थाळीमागे एक थाळी यंत्र बंद ठेवून त्याच टाकीत तेवढाच वेळ ठेवली जाई. तिला त्या मुकी म्हणत. कोणी घाईने निष्कर्ष काढला की ठरलेले वाक्य येई : "पहिले आवाज बंद करून पाहा, मंग बोला." मी सुनेची तक्रार सांगितली, तेव्हाही हेच ऐकावे लागले.

जनुके जागी झाली. शोधनिबंध छापून आला, पेढे वाटले गेले. दोन वर्षांनी एका दुपारी बाईंनी दुसरा तापमापक थेट थाळीखाली धरला. टाकीतल्या नेहमीच्या तापमापकाची बाहेरची तबकडी सदतीस अंश दाखवीत होती. थाळीखाली एकेचाळीस होते. माझ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या, "काका, यंत्रानं पाणी तापून राहिलं."

मग त्यांनी मुक्या थाळ्या ध्वनीवाचून तेवढ्याच गरम पाण्यात ठेवल्या. तीच जनुके तितकीच जागी झाली. ध्वनीने काहीच केले नव्हते. आणि संवेदना गेलेला पाय शेकणे म्हणजे तो भाजणे.

त्यांना कोणीही पकडले नाही. कोणाला कळणार नाही, असे मीच त्यांना सुचवले होते. "मले तं कळलं ना, काका," एवढेच त्या बोलल्या, आणि 'चूक माझी आहे' असे लिहून निबंध मागे घेतला. प्रकल्प बंद झाला, पेशी फेकल्या गेल्या, विद्यार्थी पांगले. उरलेली वर्षे त्यांनी पहिल्या वर्षाच्या वर्गांवर काढली. ते ठरलेले वाक्य मी पुन्हा ऐकले नाही.

आता विद्वान विचारतात, इतक्या काटेकोर बाईला दोन वर्षे उष्णता कशी दिसली नाही? तबकडीचा तापमापक थाळीच्या खालीच बसवा, असे बाईंच्या अक्षरातले टिपण आजही माझ्या पेटीत आहे. तार आखूड पडली म्हणून तो टाकीच्या कडेला मी बसवला होता.