धुळवडीनंतरचे सहा महिने

त्या धुळवडीला आम्ही रहाटणीत माझ्या चुलत सासऱ्यांकडे जेवायला गेलो होतो. बायका आत, पुरुषांची बैठक गच्चीवर. निघताना ह्यांच्या तोंडाला दारूचा वास आला.

"रिक्षा करू," मी म्हटलं.

"अगं, पिंपळे सौदागर काय लांब आहे? दोनच ग्लास घेतलेत." हे गाडीत बसलेसुद्धा. मी चिडून शेजारी बसले.

पुढच्याच चौकात भर दुपारी पोलिसांची नाकाबंदी होती. साहेबांनी यंत्र पुढे केलं. "फुंका." ह्यांनी फुंकलं. यंत्रातून पट्टी निघाली, तिच्यावर सही झाली, लायसन्स जमा झालं आणि गाडी पोलिसांनी ठेवून घेतली. रंगलेल्या तोंडांनी आम्ही चालत घरी आलो.

चुलत सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणतात. पोलीस, कचेऱ्या, जमिनीचे वाद यांत त्यांचं आयुष्य गेलेलं. तेच आम्हाला पिंपरीतल्या एका वकीलबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी कागद नीट वाचले आणि सरळ सांगितलं, "रक्तात शंभर मिलिलिटरमागे तीस मिलिग्रॅमच्या वर दारू सापडली की गुन्हा. पहिला असला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दंड, नाहीतर दोन्ही. शिवाय लायसन्स निलंबित होणार. यंत्राची तपासणी वेळेत झाली होती का, नोंदी बरोबर आहेत का, ते बघून आपण लढू शकतो. पण इथे आकडा बराच वर आहे आणि कागदात मला तरी खोट दिसत नाही."

कैद हा शब्द ऐकून ह्यांचा चेहरा उतरला. आप्पा मात्र पुढे सरकले. "बाई, येवढा खटाटोप कशाला? सूनबाईकडं लायसन्स हाय. तीच चालवत व्हती, आसं म्हणायचं."

लायसन्स होतं, खरंय. लग्नाआधी वडिलांनी हट्टानं काढायला लावलं होतं. पण सासरी आल्यापासून स्टीअरिंग कधी माझ्या हाती आलं नव्हतं. वकीलबाई काही बोलणार होत्या, पण त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं.

"आप्पा, मी चालवत नव्हते," मी म्हटलं. "कोर्टात शपथेवर खोटं बोलणार नाही."

"नवऱ्यासाठी येवढं बी न्हाई करायची?"

"नवऱ्यासाठीच करीन ना. गाडी सुटली की यांना रोज चाकणला कंपनीत मी सोडीन."

हे आधी ठरवलेलं नव्हतं. बोलून गेले आणि बोलल्यावर मला एकदम मोकळं वाटलं. हे मान वर करून म्हणाले, "बाई, मी प्यायलो होतो. कोर्टात तसंच सांगतो."

आप्पा उठून बाहेर गेले.

कोर्टात ह्यांनी गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी कडक शब्दांत सुनावलं, दंड केला आणि लायसन्स सहा महिन्यांसाठी निलंबित केलं. कैद टळली.

मी आठवडाभर ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर हात बसवला आणि मग पोलिसांकडून सुटून आलेली आमची गाडी काढली. नाशिक रस्त्यावर दोन्ही बाजूंना कंटेनर, मध्ये आमची छोटी गाडी. पहिल्याच दिवशी भोसरीच्या उड्डाणपुलावर चढाला ट्रॅफिक तुंबलं आणि माझी गाडी बंद पडली. पाठीमागचा टेम्पो हॉर्न सोडेना. ह्यांनी दाराला हात घातला. "थांब, मी घेतो."

"तुमचं लायसन्स नाहीये. बसा."

हँडब्रेक ओढला, इंजिन चालू केलं, क्लच हळूहळू सोडत गाडी जराही मागे न जाऊ देता वर नेली. त्यानंतर ह्यांनी दाराला हात लावला नाही. तोंडानं "ब्रेक, ब्रेक" मात्र बरेच दिवस चालू होतं.

कंपनीतली मंडळी आधी हसली. "भाऊ, वहिनी ड्रायव्हर काय!" हे म्हणायचे, "व्हय, आणि माझ्यापेक्षा बरी चालवते." सुट्टीच्या दिवशी मित्रांचे फोन यायचे, हे जायचेही, पण लिंबू सोडा पिऊन परत यायचे. आजतागायत तेच चाललंय. मी कधी शपथ घातली नाही.

लायसन्स परत मिळाल्यावर हे पुन्हा स्वतः कंपनीत जाऊ लागले. पण लांबचा प्रवास असला की गाडी मीच घेते. दिवाळीला लातूरला माहेरी गेलो तेव्हा हे मागच्या सीटवर गाढ झोपले होते. गाडी दारात थांबताच भाऊ धावत आला आणि त्यानं नेहमीसारखं माझ्यासाठी डावीकडचं पुढचं दार उघडलं. सीट रिकामी होती. मी हसत उजवीकडून उतरले आणि त्याला म्हटलं, "आधी चहा टाक, सहा तास चालवतेय."