ओळंबा सिस्टर आणि तोटीचा धडा

लहान मुलांच्या वॉर्डातल्या या सिस्टरांना सगळे ‘ओळंबा’ म्हणत. पाठीमागेच अर्थात, तोंडावर म्हणायची छाती मोठ्या डॉक्टरांचीही नव्हती. ज्या पोरांच्या डोक्यात पाणी साठतं, त्यांच्या डोक्यातून बारीक नळी काढून ते खाटेशेजारी टांगलेल्या पिशवीत सोडतात. पिशवीची उंची पोराच्या कानाशी जुळलेली हवी. जास्त वर गेली तर पाणी तुंबतं, खाली गेली तर भसाभस वाहतं. म्हणून सिस्टर येता-जाता एक डोळा मिटून, गवंड्यासारख्या वाकून पातळी बघत. घरी त्यांचं भिंतीवरचं घड्याळ मात्र वर्षानुवर्षं तिरकं. नवरा म्हणे, “एक डोळा इकडेही मिटा की!”

“पोराला उचलायच्या आधी नळीवरची तोटी बंद!” हे त्या प्रत्येक नातेवाइकाच्या कानीकपाळी ओरडत. खिडकीजवळच्या दीड वर्षाच्या पोरीची आजी त्यांची पट्टशिष्या. पोरीची आई दिवसा कामावर, त्यामुळे राखण आजीकडे.

“सारखं काय सांगता? मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

“बाळ परवडलं, आजीबाई. ते तोटीला हात लावत नाही.”

त्या दुपारी दुसऱ्या टोकाच्या पोराला झटके आले आणि सिस्टर तिकडे अडकल्या. इकडे पोरगी भुकेनं रडायला लागली. आजीने धडा आठवला, तोटी बंद केली, पोरीला मांडीवर घेऊन दूध पाजलं, परत निजवलं. तोटी उघडायचं काम रोज सिस्टर स्वतः करत. ते आजीच्या धड्यात नव्हतंच.

सिस्टर परतल्या तेव्हा आजीने ओठांवर बोट ठेवलं. “हळू! आज कुठं शांत झोपलीय. आणि पाणीही थांबलंय बघा. बरी व्हायला लागली माझी बाय!”

सिस्टरांनी पोरीला हाक मारली, चिमटा काढला. हालचाल नाही. पापणी उचलून बॅटरी मारली आणि त्या ओरडल्या, “डॉक्टरांना बोलवा!”

तोटी उघडली. पाणी धावत सुटलं.

“पण मी बंद केली होती ना,” आजी पुटपुटत होती. “तुम्ही सांगितलं तश्शी.”

संध्याकाळी आई आली, तेव्हा सिस्टर डॉक्टरांसमोरच म्हणाल्या, “बंद करायला मी शिकवलं. उघडायला नाही शिकवलं.”

आई कुणालाच दोष न देता पोरीच्या उशाशी जाऊन बसली. तेच दोघींना जड गेलं.

पोरगी वाचली. काही दिवसांनी जागी झाली, दूध प्यायली, पण नजर कुठेच ठरेना. आत दाब वाढून डोळ्यांची नस गेली होती. दृष्टी परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

आजी तिच्या तोंडासमोर हात हलवतच राहिली. सिस्टर पातळी बघून झाल्यावर तिथेच थांबल्या.

“हात नका हलवू, आजीबाई. बोला काहीतरी. आवाज ओळखेल ती.”

आजीने हात खाली घेतला, पोरीचं पांघरूण सारखं केलं.

“बघ गं,” सिस्टरच पोरीला म्हणाल्या, “रोज माझ्याशी भांडणारी तुझी आजी, आज मुकी झालीय.”

पोरीने आवाजाकडे मान वळवली. आजीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.