कलर अ‍ॅज पर फाइल

एका बाईनं मला निळ्या कापडाचं कातरण नमुना म्हणून आणून दिलं होतं. मी ते कॉम्प्युटरच्या स्क्रीनला टेकवलं आणि ब्राइटनेसचं बटण फिरवत फिरवत स्क्रीनच त्या कापडासारखी करून टाकली. मग जरा मागं सरकून स्वतःच्या हुशारीकडे कौतुकानं पाहत बसले. डिझाइनच्या धंद्यात याहून मोठा गाढवपणा करता येतो का, हे मी पुढं वीसेक वर्षं शोधलं. सापडला नाही.

यात गाढवपणा कोणता, हे ज्यांना कळलं नसेल त्यांनी मनाला लावून घेऊ नये. मलाही तेव्हा कळला नव्हता, आणि माझ्याकडे तर सर्टिफिकेट होतं.

वडशात आमचं छोटं दुकान होतं. माझे मियाँ रज्जाक स्क्रीन प्रिंटिंग करायचे. म्हणजे लाकडी चौकटीवर बारीक जाळीचं कापड ताणायचं आणि रबरी पट्टीनं शाई त्यातून खाली कागदावर दाबायची. एका वेळी एक रंग. लग्नपत्रिका, कापडाच्या पिशव्या, थंडीत नाटकवाल्यांची कामं. नव्वदचं दशक संपता संपता दुकानात कॉम्प्युटर आला. तो चालवणार कोण, म्हणून मी चाळिशीत क्लास लावला. कॉलेजच्या पोरी मला आँटी म्हणत आणि माझ्या वहीतून उतरवून घेत. तिथंच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली असावी.

क्लासमध्ये तीन गोष्टी शिकवल्या: रंग, फॉन्ट आणि थोडं कोडिंग. फॉन्ट म्हणजे अक्षरांचा संच. त्या काळी आपला मराठी फॉन्ट दुसऱ्याच्या मशीनवर नसला की फाइल उघडताच सगळ्या मजकुराचा इंग्रजी चिन्हांचा कचरा व्हायचा. त्यावर उपाय 'कर्व्ह' करण्याचा. म्हणजे अक्षराचं अक्षरपण काढून त्याचं चित्र करून टाकायचं. मग ते कुठंही तसंच दिसतं. हे मी एकदा फटका खाऊन पक्कं शिकले होते.

कोडिंग आमच्या सरांनी इंटरनेट नसलेल्या खोलीत शिकवलं. कोरड्या विहिरीत पोहायला शिकवल्यासारखं. पण मला ते फार आवडलं. टॅग, म्हणजे वेबपानाच्या कोडमधली कंसातली खूण, उघडला की बंद करायचा, नाहीतर पुढचं सगळं पान वाकडं होतं. आणि रंगाचं नाव लिहायचं नाही, त्याचा कोड लिहायचा. हॅश, चार शून्य, दोन एफ. झाला शुद्ध निळा. त्या दिवशी घरी येऊन मी मियाँना ऐकवलं, "रंगाले नंबर असते. तुमी डब्यात बोट बुडवून पाहत बसता, आमी नंबर टाकतो."

ते म्हणाले, "मग आज भाजीले कोणता नंबर टाकला? मीठ नाई त्यात."

मी ते मनावर घेतलं नाही. शिकलेली बाई होते.

शेवंताबाई आल्या त्या याच दिवसांत. वडशापासून थोड्या अंतरावरच्या गावात त्या शिलाईचं काम करायच्या. गावातल्या बायांनी पुढाकार घेऊन बुद्धविहार बांधला होता. त्याच्या लोकार्पणाचं पोस्टर करायचं होतं. आजूबाजूच्या गावांत लावायला, शिवाय नागभीडपर्यंत पाहुण्यांना पाठवायला. निळ्यावर पांढरी अक्षरं, मध्ये विहाराचा फोटो. त्यांनी ब्लाउजमधून रुमाल काढला, रुमालातून बोटभर कातरण.

"विहारावर लावाचा झेंडा मी सोता शिवला, भाभी. हे त्याचंच कातरण. पोस्टर याच निळ्याचं पायजे. बाकी काई वरखाली झालं तरी चालते."

त्या निळ्याचा अर्थ मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझ्या शाळेतल्या मैत्रिणींच्या घरांवर तो झेंडा पाहतच मी मोठी झाले. सांगते अशासाठी, की पुढं मी जे केलं ते अजाणतेपणी केलं असं कुणी म्हणू नये.

फोटो असल्यामुळं पोस्टर नागपूरला चार रंगांत छापायचं ठरलं. मी डिझाइन केलं. अक्षरं कर्व्ह केली, काना-मात्रा तीनदा तपासला. निळ्याच्या जागी क्लासमधला माझा लाडका नंबर टाकला. कातरणाशी तो जुळेना, स्क्रीनवरचा निळा फार भडक होता. तेव्हा वर सांगितलेला पराक्रम केला. बटण फिरवलं, स्क्रीन अंधारली, रंग जुळला. फाइलमधला रंग होता तिथंच होता. बदलली होती फक्त माझी काच. चेहरा काळवंडला म्हणून आरसा पुसावा, तसं.

मियाँनी कातरण उचलून माझ्यासमोर धरलं. "हे फाइलसंग पाठव. अन् एक प्रूफ मागव." प्रूफ म्हणजे सगळी छपाई करायच्या आधी काढून बघायचा एक नमुना.

"काऊन? फाइलमध्ये नंबर आहे ना."

"नंबर कागदाले समजते का?"

"मशीनले समजते," मी म्हटलं. जॉबच्या चिठ्ठीवर इंग्रजी अक्षरात लिहिलं, कलर अ‍ॅज पर फाइल. म्हणजे रंग फाइलप्रमाणे. खाली लांबलचक सही केली. सीडी नागपूरच्या गाडीत बसवून दिली. कातरण राहिलं माउसच्या खाली.

गठ्ठे आले तेव्हा कार्यक्रमाला आठ दिवस राहिले होते. मी दोरी कापली. पोस्टर जांभळं होतं. थोडंसं निळसर जांभळं नव्हे. कोवळ्या वांग्यासारखं जांभळं.

हे का होतं ते सांगते. स्क्रीन म्हणजे दिवा. ती लाल, हिरवा आणि निळा उजेड कमीजास्त करून रंग बनवते. कागदाला स्वतःचा उजेड नसतो. त्यावर शाया चढतात: आकाशी झाकेची सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळी आणि काळी. दिव्याचा तो झगझगीत निळा शाईत मिळतच नाही. फाइल उजेडाच्या हिशेबात पाठवली, की प्रेसचं मशीन ती शाईच्या हिशेबात बदलतं, आणि तसं करताना सायनवर भरपूर मॅजेंटा ओततं. जांभळा होतो. छपाईत निळा हवा असेल तर मॅजेंटाला आवर घालावा लागतो. हे धंद्यातल्या कोणत्याही पोराला माहीत असतं. आमच्या सरांनीही सांगितलं असणार. त्या दिवशी मी बहुतेक वही पोरींना देऊन मोठेपणा मिरवत असेन.

मी एसटीडीवरून नागपूरला फोन लावला आणि प्रेसच्या मालकावर चढले.

"बाई," तो शांतपणे म्हणाला, "तुमची चिठ्ठी माझ्या हातात आहे. कलर अ‍ॅज पर फाइल. वाचून दाखवू का सहीसकट? नमुना पाठवला असता तर आम्ही थांबलो असतो."

फोन ठेवून परत येते तर शेवंताबाई दुकानाच्या पायरीवर.

इथून पुढचं लिहायला मला आजही जड जातं. माझ्या नातींना मी हा किस्सा हसत हसत सांगते, पण वांग्यापर्यंतच.

शेवंताबाईंनी पोस्टर उलगडलं. दोन्ही कडा धरून ताणलं. मग म्हणाल्या, "भाभी, हा जांभळा आहे."

त्या क्षणी मला "चुकलं" असं म्हणता आलं असतं. एवढासा शब्द. पण मी कॉम्प्युटरवाली होते आणि समोर खेड्यातली शिलाई करणारी बाई होती. मी खुर्चीत टेकून बसले आणि म्हणाले, "छपाईत निळा असाच येते, शेवंताबाई. तुमाले वाटून राह्यलं जांभळा. हे पाहा." स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "निळाच आहे ना?"

त्यांनी स्क्रीन पाहिली. "हे टीव्ही गावात लावाची आहे का?"

मियाँ मागं चौकट पुसत होते. त्यांचा हात थांबल्याचं मला कळलं.

शेवंताबाईंनी टेबलावर शोधून माउसखालचं कातरण काढलं. दुकानात आमची ट्यूबलाइट, त्यात शेजारच्या राइस मिलच्या कोंड्याची धूळ नको म्हणून मी लावलेला हिरवा पडदा. त्या उठून बाहेर गेल्या. रस्त्यावर, लख्ख उन्हात. एका हातात पोस्टर, दुसऱ्यात कातरण.

"इथी या, भाभी. उजेडात या जरा. आमी दुकानात धागा घेतो तं कापड दारात नेऊन पाहतो. आतमधे सारेच रंग जुळते."

"मले इथूनच दिसून राह्यलं," मी म्हणाले.

त्या थांबल्या. पुन्हा म्हणाल्या, "या तं खरं." सायकलवरचा एक जण पाय टेकून पाहू लागला. बाजूचा पानवाला पाहत होता. मी कीबोर्डवरची धूळ पुसायला घेतली. धूळ नव्हती.

मग त्यांनी पोस्टर नीट गुंडाळलं, गठ्ठ्यावर ठेवलं, कातरण दोरीत खोचलं आणि गेल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता आलं असतं.

मियाँ दारापर्यंत गेले, पोस्टर अन् कातरण उन्हात धरून परत आले.

"आता काय म्हणते तुझा नंबर?"

मी कातरण त्यांच्या हातातून घेतलं.

"फोटो काढून टाक. नुसती अक्षरं ठेव. एका रंगात इथीच ओढू."

नागपूरला पुन्हा छापायला वेळ नव्हता. मी फोटो काढला, मजकूर पांढरा ठेवून बाकी सगळं काळ्यानं भरून दिलं. आता फाइलमध्ये रंग नव्हताच. काळं आणि पांढरं, एवढंच. रंग मियाँ बनवणार होते, तुपाच्या रिकाम्या डब्यात, जुन्या चमच्यानं. ते निळ्या शाईत चिमूटभर काळी टाकायचे, बोटानं कागदावर ठिपका द्यायचे आणि मला म्हणायचे, "जा." मी ठिपका आणि कातरण घेऊन दारात जायचे. "फिका आहे." पुन्हा चमचा. "आता काळवंडला." ओली शाई गडद दिसते, वाळली की बदलते, म्हणून प्रत्येक ठिपक्याला थांबायचं. त्या दिवशी दारात मी इतक्या चकरा मारल्या, की पानवाल्यानं विचारलं, "भाभी, कोणाची वाट पाहून राह्यल्या?"

शेवटी एक ठिपका असा आला, की कातरणाची कड कुठं संपते ते दिसेना. मियाँ एवढंच म्हणाले, "ओढ." दोन दिवस मी पट्टी ओढली. दुकानभर दोऱ्या बांधून पोस्टरं वाळत घातली. हिरवा पडदा काढावा लागला, वारा यायला. तो पुन्हा लावला नाही.

गठ्ठा घेऊन मी स्वतः काळी-पिवळी जीपनं त्यांच्या गावाला गेले. शेवंताबाई अंगणात मशीनवर बसल्या होत्या. मी पोस्टर आणि कातरण त्यांच्या हातात दिलं आणि माझ्या अंगावर ऊन पडेल अशी उभी राहिले. त्यांनी कातरण पोस्टरवर ठेवलं, अंगठ्यानं दाबलं, वाकून पाहिलं.

"हो. हा आमचा आहे."

"चुकलं माझं," मी म्हणाले. चार दिवस उशिरा, पण म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि पाणी दिलं. सुटले बाबा, असं मला वाटलं.

धंद्यापुरता धडा सांगायचा तर सोपा आहे. स्क्रीन हा नमुना नव्हे. गिऱ्हाइकानं दिलेली वस्तू फाइलसोबत जाते, प्रूफ मागवायचंच, आणि रंग दारात पाहायचा. पुढं वेबसाइटची कामं आली तेव्हा तो नंबर मी सुखानं वापरला. तिथं तो बरोबरच असतो, कारण तिथं शेवटपर्यंत दिवाच आहे. जांभळ्या पोस्टरांचे कोरे मागचे भाग कच्च्या कामाला वापरले. एक पोस्टर कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलंय. डोकं फिरलं की कपाट उघडते.

लोकार्पणाला आम्ही दोघं गेलो. विहारावर झेंडा होता, रस्त्याच्या कडेच्या झाडांवर आमची पोस्टरं. मी लांबून दोन्हींकडे आळीपाळीनं पाहत होते आणि मनातल्या मनात खूश होत होते. सवय जात नाही. जेवणाच्या पंगतीत शेवंताबाई खीर वाढायला आल्या. मी म्हणाले, "जुळला ना रंग, बाई?" त्यांनी माझ्या वाटीत डाव रिकामा केला, भांडं कमरेवर सरकवलं आणि मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या:

"जुळला, भाभी. रंगाचं काई नाई, रंग माह्याही हातून चुकते. पण मी रस्त्यावर उभी राहून तुमाले दोनदा बलावलं, अन् तुमी खुर्चीवून उठल्या नाई. थे ध्यानात राह्यलं माह्या."