सुनेला साडेचार टक्के

टॅक्सच्या ऑफिसात कसले आलेत किस्से, असं माझा नवरा म्हणायचा. आता घरी पाहुणे जेवायला आले की तोच म्हणतो, "अगं, तो वर्तककाकांचा सांग ना!" आणि एक सांगायला घेतला की त्याच्यामागून आणखी चार येतात.

वर्तककाका म्हणजे माझे बॉस. तरुणपणी अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकायला आले आणि तिथलेच होऊन गेले. मी पुण्याहून येऊन त्यांच्याकडे लागले ती दोन हजार दोन साली. एप्रिलची, लोकांची टॅक्स रिटर्न भरून द्यायची धामधूम संपली की आमच्याकडे वारसा कराची कामं यायची. पेन्सिल्व्हेनियात हा कर वारसाने भरायचा, आणि मेलेल्या माणसाशी तुमचं नातं काय, यावर त्याचा दर ठरतो. नवरा-बायकोला शून्य. मुलांना साडेचार टक्के. भावंडांना बारा. बाकी सगळ्या दुनियेला पंधरा! काकांनी हा तक्ता भिंतीवरच लावला होता. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "नीट बघून ठेव. सरकारने मायेचं रेटकार्ड काढलंय!"

*

एकदा गोडबोले नावाचे एक इंजिनिअर आले. भाऊ वारला होता आणि घर यांना ठेवून गेला होता. बोलता बोलता काकांच्या लक्षात आलं, की दोघांचे आईवडील वेगळे, वडील एकमेकांचे भाऊ.

"अहो, मग हा चुलतभाऊ झाला. बारा नाही, पंधरा टक्के बसतील."

"एका ताटात जेवलोय हो आम्ही," गोडबोले म्हणाले. "आमच्या घरात चुलत-बिलत काही नव्हतंच."

"पेन्सिल्व्हेनियात आहे!"

मला वाटलं, आता हे घासाघीस करणार.  पण गोडबोले म्हणाले, "पंधरा तर पंधरा. वीस घ्या. पण नातं भाऊच लिहा."

मी बघतच राहिले! काकांनी इंग्रजीत कझिन लिहिलं, शेवटी कायदा तो कायदा. पण फॉर्म वाचून दाखवताना मराठीत खणखणीत 'भाऊ' वाचलं. मग गोडबोल्यांनी सही केली.

*

आपल्या लोकांना खात्याला दुसरं नाव लावल्याशिवाय चैन पडत नाही. "असू दे, वेळेला उपयोगी पडतं!" नागपूरचा निखिल, सॉफ्टवेअरवाला, इथे एकटाच. त्याने आपल्या बँकखात्याला शेजारच्या जोशीकाकूंचं नाव लावून ठेवलं. काकूंनी त्यात एक पैसा घातला नव्हता. आणि काकू गेल्या.

जॉइंट खातं म्हटल्यावर अर्धी रक्कम काकूंची धरली गेली. त्या अर्ध्याचा वारस कोण, तर निखिल! नातं काही नाही, म्हणून दर पंधरा टक्के.

"म्हणजे माझेच पैसे मला वारशात मिळाले? आणि वर टॅक्सही मीच भरू? क्या यार, काका!"

"आपण भांडून बघू," काका म्हणाले. "नाव फक्त सोयीपुरतं होतं, काकू तुझ्या कोणी नव्हत्या, असं लिहून दे."

निखिलने पेन उचललं आणि परत ठेवलं. "रोज त्यांच्याकडे जेवायचो मी. कोणी नव्हत्या असं कसं लिहू?"

आणि पठ्ठ्याने टॅक्सचा चेक फाडून दिला! त्या दिवशी घरी जाऊन मी आधी पुण्याला शेजारच्या मावशींना फोन लावला.

*

एक दांडगा गोरा ट्रक ड्रायव्हर आला होता. सावत्र आईने त्याला घर ठेवलं होतं. खुर्चीत बसता बसताच त्याने बजावलं, "ती माझी आई नव्हती हं!" जन्मभर तिला नावाने हाक मारलेली.

काका म्हणाले, "सावत्र मुलालाही मुलाचाच दर. साडेचार टक्के."

"म्हणजे सरकार मला तिचा मुलगा धरतं?"

"पूर्णपणे."

आणि तो एवढा मोठा बाप्या ढसाढसा रडायला लागला. टॅक्स कमी झाला म्हणून रडलेला दुसरा माणूस मी आजवर पाहिलेला नाही!

*

आता मुग्धाचं. ही काकांची सून. काकांचा मुलगा मकरंद अपघातात गेला, तेव्हापासून घरात हे दोघंच. तिचे आईवडील केव्हाच वारलेले. तिच्या ऑफिसातल्या समीरने तिला लग्नाचं विचारलं होतं. काका तिच्या मागे लागले होते, "हो म्हण, हो म्हण." ती काही म्हणत नव्हती.

एका दुपारी ती डबा घेऊन आली आणि काकांनी पुन्हा तेच सुरू केलं. तिने भिंतीकडे बोट केलं.

"बाबा, मी आहे का तुमच्या तक्त्यात?"

"आहेस की! मुलाच्या विधवेला साडेचार टक्के. मुलांच्याच ओळीत."

"आणि मी पुन्हा लग्न केलं तर?"

काकांनी डब्यातला शेवटचा घास तोंडात घातला. उत्तर मला माहीत होतं. लग्न केलं की ती ओळ सुटली.

"सांगा ना."

"इतर," काका कसेबसे म्हणाले. "पंधरा टक्के."

"पैशांचं काही नाही हो बाबा. पण मला तुमची 'इतर' व्हायचं नाहीये."

ती रिकामा डबा घेऊन निघून गेली. काकांनी त्या दिवशी एका कागदाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आले ते थेट वकिलाला फोन लावायला बसले.

*

मार्चमध्ये आम्ही चौघं कोर्टात बसलो होतो. काका, मुग्धा, समीर आणि मी. काकांनी सुनेला दत्तक घ्यायचा अर्ज केला होता! इथे मोठ्या माणसालाही दत्तक घेता येतं, आणि मुलगी झाली की लग्नानंतरही ओळ सुटत नाही. समीरला होकार देऊन मुग्धा मोकळी झाली होती.

जज्जनी चष्म्यावरून पाहिलं. "मिस्टर वर्तक, हे टॅक्स वाचवण्यासाठी आहे का?"

 काका खोटं बोलणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"टॅक्स वाचतो, युअर ऑनर. साडेदहा टक्के. पण मेमध्ये हिचं लग्न आहे. आमच्यात बाप मुलीचा हात जावयाच्या हातात देतो. कन्यादान म्हणतात. ते मला करायचं आहे, आणि त्यासाठी आधी मला हिचा बाप व्हायचं आहे."

जज्ज जरा पुढे झुकले. "म्हणजे मार्चमध्ये मुलगी घेणार आणि मेमध्ये देऊन टाकणार. मग तुमच्याकडे उरणार काय?"

काकांनी मुग्धाकडे पाहिलं. मग मागच्या बाकावरच्या समीरकडे.

"मुलगी आणि जावई, युअर ऑनर. सकाळी घरून निघालो तेव्हा दोन्ही नव्हते."