निर्गुडीचा अर्क आणि आईच्या गोळ्या

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी पुण्याच्या एका कॉलेजात निर्गुडीच्या पानांच्या अर्कावर काम करत होतो. त्या अर्काने उंदरांच्या पायाची सूज उतरायची. पानं आमच्या घाटघरच्या ओढ्याकाठची, मीच नेलेली. त्यामुळे अभिमान जरा जास्तच होता.

आईला संधिवात होता. जुन्नरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटली आहे, गोळ्या सोडायच्या नाहीत. सुट्टीत मी अर्काची बाटली घेऊन आलो आणि तिने त्याच दिवशी गोळ्या फळीवर ठेवून दिल्या.

"आरं, झाडपाल्यावर इंग्रजी गोळी चालत न्हाई. पथ्य असतं. येवढा शिकलास आन् येवढंबी ठावं न्हाई?"

तिला अडवणं माझं काम होतं. मी हसलो आणि गप्प बसलो. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच वाटलं. गोळ्या बंद असताना सूज उतरली, तर ते यश एकट्या अर्काचं ठरणार होतं.

सूज थोडी उतरली, ठणकाही कमी झाला. सांधे मात्र आतून झिजतच राहिले. वर्षभरात बोटं वाकडी झाली, ती कायमची.

डॉक्टर संतापले. "गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून बंद केल्या?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "माझ्याच मनानं, डाक्टर. ह्यो तिकडं पुण्याला. ह्याला काय ठावं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.