विकलेली होडी

ती होडी डोळ्यांसमोर आली की आजही मला हसू आवरत नाही, आणि हसते मी स्वतःलाच. तेव्हा मी खालापूर तालुक्यात नवी फौजदार होते. आरशातल्या बाईलासुद्धा दटावणारी!

लोधिवलीच्या एका माणसाने आपले म्हातारे वडील बेपत्ता असल्याची खबर दिली. हे आजोबा मूळचे खाडीकाठचे. मुलाच्या आग्रहाने होडी विकून त्याच्याकडे राहायला आलेले. मिसिंगची तक्रार दाखल केली. दुपारी खाडीकाठच्या ठाण्यातून फोन आला. आजोबांनी विकलेली तीच होडी गायब होती, नव्या मालकाचा अर्ज आला होता. संध्याकाळपर्यंत मिळाली नाही तर चोरीचा गुन्हा दाखल होणार होता. म्हातारपणी आजोबा चोर ठरणार!

मी त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या बायकोची, आजींची, चौकशी सुरू केली. ज्याचं माणूस हरवतं तो पोलिसाला आधी 'सापडले का?' विचारतो. आजींनी विचारलं, चहात साखर किती घालू?

"आजी, खरं सांगा, नाहीतर कायद्याने..."

"वरडू नको गं. सांगते. पण मलाबी ने. मला ठेवून गेले ना, बघतेच त्यांना!"

खाडीवर नवा मालक भावाची मशीनची होडी घेऊन तयार होता. आजी पुढे बसल्या.

"डावीकडं घे रं. ह्याच वाटेनं आमी बंदराबंदराला माल न्यायचो."

तिवरांच्या फांद्या खांद्याला घासत होत्या. मी पळसदरीची; पाणी म्हणजे आमचं धरण, जागच्या जागी राहणारं. दुसऱ्याच वळणावर मी टोपी काढून होडीच्या काठावर ओणवी होऊन ओकले.

आजी पाठ चोळत म्हणाल्या, "लाजू नको पोरी. चोर पळत नाय."

पुढे आजोबा दिसले. ओहोटीने होडी कडेच्या चिखलात बसलेली, आणि हे निवांत भाकरी खात होते. मी उठून गर्जले, "हलू नका!" चिखलात रुतलेल्या होडीला!

मालक म्हणाला, "काका, मागितली असती तर नाय म्हटलं असतं का?"

"दिली असतीस रं. पण तूबी बरोबर आला असतास. मला एकट्याला फिरायचं होतं."

"एकट्याला?" आजींनी विचारलं.

आजोबा सरकून बसले. मालकाने आमची होडी टेकवली, आजी पलीकडे गेल्या. अर्ज मागे घेत असल्याचं त्याने तिथूनच ठाण्यात कळवलं.

"भरती आली की येतो आमी," आजी म्हणाल्या. "तुमी व्हा पुढं."

त्यानंतर प्रत्येक मिसिंगमध्ये मी घरच्यांना विचारत आले, "त्यांचं काय करायचं राहून गेलं होतं?" घरचे बहुतेक वेळा एकमेकांकडे बघत.

आता निवृत्तीनंतर मी चप्पल घातली की सून विचारते, "आई, कुठे निघालात?" मी सांगत नाही. जेवायच्या वेळी फोन तेवढा करते. पोलिसांचे हाल मला माहीत आहेत.