मीटरने एकोणीस दाखवले

सव्वातीन वाजले होते आणि देसाई मॅडमचा लॅपटॉप माझ्या काउंटरवर पोट फाडून पडला होता. चार वाजता त्यांचा ऑनलाइन इंटरव्ह्यू. मुलांसाठी दहा वर्षं घरी राहिल्यावर पहिल्यांदाच कोणीतरी बोलावलेलं, आणि प्रेझेंटेशन त्याच लॅपटॉपमध्ये. बॅटरी संपलेली, चार्जिंग होत नव्हतं.

मानपाडा रोडला माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. पंचवीस वर्षांचा अनुभव, हे बोर्डावरही लिहिलंय.

"अडॅप्टर गेला असेल का हो?" त्यांनी आल्या आल्या विचारलेलं.

मी पिनला मीटर लावला. एकोणीस व्होल्ट, हवे तेवढेच. "अडॅप्टर ओके आहे, मॅडम. मीटर खोटं बोलत नाही."

"तुमच्या मागे फळीवर तसाच नवा दिसतोय. लावून बघता?"

"सील फोडलं की नवा म्हणून विकता येत नाही."

मग मी सगळे स्क्रू काढले, भिंगातून चार्जिंगचा भाग तपासला आणि गंभीर चेहरा करून सांगितलं, "मदरबोर्ड गेलाय."

त्यांचे डोळे भरून आले. मला वाईट वाटलं, पण बिघाड इतक्या लवकर सापडला याचा थोडा अभिमानही वाटला. खोटं कशाला बोलू.

त्या उठून बाहेर गेल्या. पाच मिनिटांत शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा चार्जर मागून आणला. "हीच कंपनी आहे, पिनही तीच. बघा ना लावून."

लावला. चार्जिंगचा दिवा लागला.

मीटर खोटं बोलला नव्हता, मीच अर्धवट विचारलं होतं. मीटरला करंट जवळपास लागतच नाही. रिकामी खुर्ची भक्कमच दिसते, कोणी बसलं की कळतं. लॅपटॉप जोडला, म्हणजे लोड पडला, की हा अडॅप्टर मान टाकत होता. हे मी माझ्या रिपेअरिंगच्या क्लासमध्ये पोरांना शिकवतो.

झाकण लावेपर्यंत चारला सात मिनिटं कमी होती. घरी पोचणं शक्य नव्हतं. मी गुपचूप नव्या अडॅप्टरचं सील फोडलं, मॅडमना माझ्या खुर्चीत बसवलं, मोबाइलचं हॉटस्पॉट दिलं आणि गिऱ्हाइकं थोपवत दारात उभा राहिलो.

आतून सगळं ऐकू येत होतं. समोरच्या साहेबांनी विचारलं, अडचण आली तर तुम्ही काय करता?

"आत्ताचंच सांगते, सर," मॅडम म्हणाल्या. "एका खूप अनुभवी माणसाने मला सांगितलं, मदरबोर्ड गेलाय. मी शेजारून चार्जर आणून लावून बघितला."

साहेब बराच वेळ हसत होते. मी रस्त्याकडे बघत राहिलो.

नोकरी लागली त्यांना. आधी अडॅप्टर बदलून बघायचा, मग स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा, हा धडा मी आता क्लासमध्ये पहिल्याच दिवशी सांगतो. कोणामुळे शिकलो, ते सांगत नाही.

परवा मॅडम नवऱ्याचा लॅपटॉप घेऊन आल्या. पिशवीतून आणखी दोन चार्जर काढून काउंटरवर ठेवले.

"हे दोन्ही लावून झालेत," म्हणाल्या. "आता तुम्ही उघडा."